वीनरब्रोड खा, पण पाव घेऊन या

कोपनहेगनला लेकीकडे किंवा मुलाकडे दोन-तीन महिने राहायला जाणारे आईबाबा आता आपल्या आजूबाजूला सहज सापडतात. नोकरीसाठी तिथे गेलेली तरुण मंडळी आहेत, आणि आठ दिवसांत चार देश ‘करून’ येणारे प्रवासीही आहेत. या सगळ्यांना माझी एक साधी विनंती आहे. जलपरीचा पुतळा बघा, टिव्होलीत जा, नूहाउनच्या रंगीत घरांपुढे उभं राहून फोटो काढा. पण जिथे उतरला आहात तिथून पायी पाच-सात मिनिटांवर असलेली बेकरी शोधून काढा, आणि तिथे परत परत जा.

यादीतली बेकरी नव्हे, घराजवळची. याद्यांमधल्या बेकऱ्यांबद्दल माझं काही वाकडं नाही. ओस्टरब्रो भागातल्या ‘जुनो’चा वेलदोड्याचा बन खरोखरच नाव काढण्यासारखा आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘टार्टिन’मधून आलेल्या रिचर्ड हार्ट यांनी 2018 साली सुरू केलेल्या ‘हार्ट बेगरी’चा आंबवलेला पाव खायला लोक दुरून येतात. एकदा जाऊन या, हौस फिटू दे. पण शनिवारी सकाळी तिथल्या लांबलचक रांगेत उभं राहिलात, तर पुढेमागे बरीचशी आपल्यासारखीच बाहेरगावची माणसं असतात. शहर बघायला आलो आणि प्रवासीच बघून परतलो, असं होतं.

गल्लीतली जुनी बेकरी ओळखायला सोपी. दारावर सोनेरी क्रिंगल टांगलेला असतो, म्हणजे दोन्ही टोकं आत वळवून मध्ये गुंफलेलं पिठाचं वेटोळं, आणि त्याच्यावर मुकुट. ही तिथल्या बेकरांची जुनी खूण. सकाळी सहा-सातला दार उघडतं. आत शिरल्यावर आधी काउंटरकडे धावू नका. भिंतीपाशी नंबराचं यंत्र आहे का ते बघा, असलं तर चिठ्ठी ओढा आणि बाजूला उभे राहा. यंत्र नसलं तर शेवटचं कोण आहे ते नजरेनं हेरून त्याच्या मागे थांबा. डेन्मार्कमध्ये कुणी मोठ्यानं ओरडून तुम्हाला ‘रांगेत या’ म्हणणार नाही. नुसतं बघतील, आणि ते बघणं पुरेसं असतं. आत जाताना ‘हाय’, निघताना ‘टाक’. एवढं डॅनिश आलं तरी काम भागतं, कारण कोपनहेगनमध्ये काउंटरमागची पोरं उत्तम इंग्रजी बोलतात. टिप ठेवायची गरज नाही. कार्ड बिनधास्त चालतं.

आता काचेमागचा माल. आपण ज्याला डॅनिश पेस्ट्री म्हणतो, त्याची पाटी तिथे वीनरब्रोड या नावानं लागलेली असते, म्हणजे व्हिएन्नाचा पाव. 1850 साली कोपनहेगनच्या बेकरी कामगारांनी संप केला, मालकांनी बाहेरून, ऑस्ट्रियातूनही, कारागीर आणले आणि त्यांच्याबरोबर पदर काढण्याची ही पद्धत आली, अशी हकीकत सांगतात. पुढे डॅनिश बेकरांनी त्यात आपलं लोणी, आपली अंडी आणि आपला गोडवा घातला आणि चीज वेगळीच झाली.

काम कसं चालतं ते थोडक्यात सांगतो, म्हणजे पैसे कशाचे मोजतो ते कळेल. आपली इराणी बेकरीतली खारी आठवा. तीही पदरांचीच, पण तिच्या पिठात यीस्ट नसतं. भट्टीत गेल्यावर पाण्याची वाफ होते आणि ती पदर उचलते. वीनरब्रोडचं पीठ मात्र यीस्ट, दूध, अंडं घालून मळलेलं असतं. ते थंड करून लाटतात, त्यात थंड लोण्याची लादी गुंडाळतात, तीन घड्या घालतात, थंड जागी विसावा देतात, पुन्हा लाटतात, पुन्हा तीन घड्या. असं तीनदा केलं की लोण्याचे सत्तावीस पदर होतात. म्हणून ते खारीसारखं कोरडं कुरकुरीत नसतं. बाहेरून तुटतं आणि आतून मऊ, ओलसर राहतं. यात खरा शत्रू उष्णता. लोणी वितळलं की ते पिठात मुरतं, पदर एकमेकांना चिकटतात आणि सगळ्या मेहनतीचा साधा बन होतो. मुंबईच्या मे महिन्यात हे काम का अवघड जातं, ते वेगळं सांगायला नको.

प्रकार पुष्कळ आहेत. स्पांडावर म्हणजे चार कोपरे मध्ये दुमडलेला चौकोन, मध्यभागी कस्टर्ड किंवा जॅम, वर पांढऱ्या साखरेचा गोल. कानेलस्नाय म्हणजे दालचिनीचा गुंडाळा. तेबिर्केसवर खसखशीचा जाड थर असतो. गोड फार नाही, सकाळच्या चहाबरोबर हाच घ्या. फ्रोस्नॅपर पिळलेला, वर तीळ आणि खसखस. कानेलस्टांग हा लांबच्या लांब दालचिनीचा पट्टा, कुणाकडे जाताना अख्खा घेऊन जायचा. यातल्या बऱ्याच प्रकारांच्या पोटात रेमोन्स भरलेलं असतं. लोणी आणि साखर फेटून, कधी त्यात बदामाचं मार्झिपान घालून ते करतात. चव सगळी तिथे असते आणि कॅलरीही. पहिल्या दिवशी सगळे प्रकार एकेक उचलू नका. दोन माणसांत दोन घ्या, अर्धे अर्धे करा. तिसरा मागवावासा वाटेल, तो उद्यासाठी राहू द्या. उद्याही बेकरी असणारच आहे.

एक प्रश्न मात्र जरूर विचारा: लोणी की मार्गरीन? दुकानदाराला राग येत नाही. डेन्मार्कचं लोणी जगभर गेलं, विशेषतः इंग्लंडच्या न्याहारीच्या टेबलांवर. घरी मात्र कित्येक पिढ्या मार्गरीन खाल्लं गेलं, कारण ते स्वस्त होतं. बेकऱ्यांनाही ते सोयीचं, लाटायला सोपं, लवकर न वितळणारं. आजही काही चांगल्या जुन्या बेकऱ्या पदरांसाठी खास मार्गरीन वापरतात, तर नव्या पिढीतले बेकर लोण्याचा आग्रह धरतात. फरक जिभेला कळतो. लोणी तोंडात विरघळून जातं, मार्गरीनचा पातळ थर टाळूला चिकटून राहतो. पण मार्गरीन म्हटल्यावर दचकायचंही कारण नाही. औद्योगिक ट्रान्स फॅटवर कायद्यानं मर्यादा घालणारा डेन्मार्क हा जगातला पहिला देश, 2003 साली. एकूण स्निग्धांशाच्या दोन टक्क्यांवर ट्रान्स फॅट नको, असा तो नियम. आपल्याकडे ही दोन टक्क्यांची मर्यादा जानेवारी 2022 मध्ये आली. खारी आणि बटर वनस्पती तुपात करणाऱ्या बेकऱ्यांवर वाढलेल्या आपल्या पिढीनं ही तफावत लक्षात ठेवायला हरकत नाही.

शाकाहारी मंडळींनी इथे जरा थांबून वाचावं. अंडं चालत नसेल तर वीनरब्रोडचा नाद सोडून द्या. पिठात, कस्टर्डमध्ये, वरच्या चकाकीत, कुठे ना कुठे ते असतंच. ‘थोडंसंच असेल’ म्हणून स्वतःची समजूत घालू नका. अंडं चालणाऱ्यांची गोष्ट सोपी आहे, तरी एक मेख आहे. युरोपीय संघाच्या नियमानुसार दुकानदाराला चौदा प्रकारच्या ॲलर्जीकारक घटकांची माहिती द्यावीच लागते: ग्लुटेन, अंडी, दूध, दाणे, तीळ वगैरे. तेव्हा अंड्याबद्दल विचारताना ओशाळू नका, तो तुमचा हक्क आहे. पण जिलेटीन त्या चौदांत नाही. क्रीमच्या, मूसच्या केकांत ते हमखास असू शकतं, डॅनिशमध्ये हुसब्लास. ते मुद्दाम, वेगळं विचारावं लागतं. चीजच्या बाबतीतही दूध साकळवणारं रेनेट प्राण्याचं आहे का, हे काटेकोर पाळणाऱ्यांनी विचारावं. अंडं न खाणाऱ्यांसाठी बेकरीत काहीच नाही असं मात्र समजू नका, कारण बेकरीतला माझ्या मते सर्वांत मोलाचा माल बहुधा अंड्याशिवायच असतो. तो म्हणजे पाव.

आणि इथेच आपली माणसं चुकतात. काचेतल्या चकचकीत मालाकडे बघून होतं, दोन स्नाय आणि एक स्पांडावर पिशवीत जातो आणि मागच्या फळीवर ओळीनं उभ्या असलेल्या काळसर विटांकडे कुणी बघतही नाही. त्या विटा म्हणजे रुग्ब्रोड, राईचा पाव. डॅनिश माणूस वीनरब्रोड कधीमधी खातो, बहुधा शनिवार-रविवारी सकाळी किंवा शुक्रवारी ऑफिसात सगळ्यांनी मिळून न्याहारी केली तर. रुग्ब्रोड तो रोज खातो. दुपारच्या डब्यात, शाळेच्या डब्यात, वर काहीतरी ठेवून खायच्या उघड्या स्मोरब्रोडखाली, सगळीकडे तोच.

राई हे थंड हवेचं, हलक्या जमिनीतही तग धरणारं धान्य. गव्हासारखं चिवट जाळं तिच्या पिठात तयार होत नाही, त्यामुळे पाव फुगत नाही. तो पत्र्याच्या लांबट साच्यात ओतून भाजावा लागतो. शिवाय राईतली विकरं भट्टीतही पिष्टाचे तुकडे करत राहतात आणि पावाचा गर चिकट होतो. हे थांबवायला आम्लता लागते, म्हणून रुग्ब्रोड आंबवणानंच करतात. त्याचा आंबटपणा ही नुसती चवीची हौस नव्हे, त्याशिवाय हा पाव नीट जमतच नाही. आंबवणात भरड राई, सूर्यफुलाच्या बिया, जवस भिजत घालतात. भाजून झाला की लगेच कापत नाहीत. एक दिवस तसाच ठेवला तर गर बसतो आणि पातळ चकत्या पडतात. गरमागरम पाव हाच ताजा, ही आपली कल्पना इथे बाजूला ठेवावी लागते.

या पावाची एक जुनी हकीकत सांगण्यासारखी आहे. पहिल्या महायुद्धात 1917 साली नाकेबंदीमुळे डेन्मार्कची धान्याची आयात तुटली. डॉक्टर मिकेल हिंदहेडे सरकारचे आहारविषयक सल्लागार होते. त्यांचं म्हणणं असं, की धान्य डुकरांना घालून मग डुकरं खाण्यापेक्षा धान्य माणसांनीच खावं. डुकरांचे कळप कमी केले गेले, आणि लोकांच्या ताटात कोंड्यासकट राईचा पाव, बटाटे आणि भाज्या आल्या. दारूही कमी झाली, कारण तिलाही धान्य लागतं. त्या काळात कोपनहेगनमधला मृत्यूदर घटला, आणि हिंदहेडे यांनी 1920 साली अमेरिकेच्या वैद्यकीय नियतकालिकात त्याबद्दल लिहिलं. घट किती पावामुळे आणि किती दारू सुटल्यामुळे, यावर वाद घालता येईल. पण रुग्ब्रोडबद्दल डॅनिश माणसाला वाटणारा विश्वास जुना आहे, एवढं त्यावरून नक्की दिसतं.

तेव्हा बेकरीत गेलात की एक रुग्ब्रोड मागा. अख्खा पाव जास्त वाटला तर अर्धा मिळतो का ते विचारा, पुष्कळ ठिकाणी देतात. यंत्रावर कापून द्यायला सांगा, कारण घरच्या सुरीनं सरळ चकत्या पाडणं नवख्याचं काम नाही. घरी आणल्यावर फ्रिजमध्ये ठेवू नका. थंडाव्यात पिष्ट लवकर आखडतं आणि पाव शिळा लागतो. कागदात किंवा डब्यात बाहेर ठेवा, चार-पाच दिवस सहज टिकतो. उरणार असेल तर चकत्या फ्रीझरमध्ये टाका आणि लागेल तशी एकेक काढून भाजा. मधुमेहींनी भरड धान्य आणि बिया जास्त असलेला प्रकार बघून घ्यावा. पाकीटबंद पाव घेत असाल तर त्यावर संपूर्ण धान्याची नारिंगी खूण आहे का तेवढं पाहा. रंग काळा म्हणजे पौष्टिक असं नसतं. कधीकधी तो रंग माल्टचा असतो. आणि ज्यांना ग्लुटेनचं पथ्य आहे त्यांनी राईच्या भरवशावर राहू नये, तिच्यातही ते असतंच.

खायचा कसा? पहिला घास कोरडा खाल तर तोंड वाकडं होईल आणि मला नावं ठेवाल. आधी लोणी लावा, कडेपर्यंत, कंजुषी न करता. वर उकडलेल्या बटाट्याच्या चकत्या, मीठ, मिरपूड, बारीक चिरलेली कांद्याची पात. हा कार्टोफेलमाड, खास डॅनिश आणि पूर्ण शाकाहारी, फक्त तिथले लोक त्यावर घालतात त्या मेयोनीजमध्ये अंडं असतं, ते वगळा. नातवंडांना विचारलंत तर ती रुग्ब्रोडवर ठेवायच्या चॉकलेटच्या पातळ पट्ट्या आणायला लावतील. ते तिथे रीतसर जेवणात मोडतं, तेव्हा आश्चर्य दाखवू नका. आणि आपण गावाहून नेलेली लसणाची चटणी? लोण्यावर भुरभुरून बघा. आंबट, कडवट राई आणि तिखट लसूण यांचं इतकं जमतं, की चार दिवसांत मुलगा डब्यात तेच मागेल.

पावावर एवढा भर देण्यामागे आणखी एक कारण आहे. गेल्या काही दशकांत गल्लीतल्या बेकऱ्या एकामागून एक बंद होत गेल्या. सुपरमार्केटमध्ये गोठवलेला तयार माल येतो, तिथल्याच भट्टीत भाजला जातो आणि स्वस्तात विकला जातो. वासही छान येतो. पहाटे दोनला उठून आंबवण बघणाऱ्या माणसाला त्या किमतीशी टक्कर देता येत नाही. शनिवारच्या गोड गर्दीवर दुकान चालतं, पण सोमवार ते गुरुवार ते तगतं रोजच्या पावाच्या गिऱ्हाइकावर. तुम्ही तिथे तीन महिने राहणार असाल तर तुम्हीही ते गिऱ्हाईक आहात. आठवड्यातून दोनदा गेलात तर तिसऱ्या आठवड्यात काउंटरवरची मुलगी तुमचा पाव विचारण्याआधी कापायला घेईल. परक्या शहरात मुलं कामावर गेल्यावर दिवसभर घरात बसून कंटाळणाऱ्या आईबाबांना याची किंमत मी सांगायला नको. सकाळची फेरी होते, चार शब्द बोलणं होतं, हातात काहीतरी घेऊन घरी येता.

दराबद्दल स्पष्ट बोलू. वीनरब्रोड महाग आहे आणि चांगला पावही महाग आहे. तिथे खाण्याच्या वस्तूंवरही सरसकट 25 टक्के मूल्यवर्धित कर आहे, मजुरी चांगली आहे आणि ती मजुरी देऊन कुणीतरी पहाटे उठून लाटत असतं. प्रत्येक घासाला रुपयांत हिशेब केलात तर घास उतरणार नाही. हात आखडता घ्यायचाच असेल तर दोन वाटा आहेत. संध्याकाळी उरलेला माल स्वस्तात देणारं ‘टू गुड टू गो’ हे ॲप कोपनहेगनमध्येच जन्मलं. बऱ्याच बेकऱ्या त्यावर असतात. पिशवीत काय निघेल ते सांगता येत नाही, त्यामुळे पथ्याच्या माणसानं त्या वाटेला जाऊ नये. दुसरी वाट म्हणजे रुन्डस्टुकर, साधे खसखस लावलेले गोल पाव. ते स्वस्त पडतात आणि लोणी-चीज लावून पोटभर न्याहारी होते. हल्ली बन, लोणी आणि चीज हे त्रिकूट तर कोपनहेगनच्या तरुणांचं लाडकं झालं आहे.

वेळेचंही थोडं. पदराचा माल सकाळी अकराच्या आत खा. दुपारपर्यंत आतला ओलावा पदरांत शिरतो आणि कुरकुरीतपणा जातो. उरलाच तर ओव्हनमध्ये पाच मिनिटं ठेवा, मायक्रोवेव्हमध्ये नको, तिथे तो चिवट होतो. काही बेकऱ्या सोमवारी बंद असतात, तेवढं दारावर वाचून ठेवा. बसायला जागा बहुधा नसते. बाहेर बाक असेल तर उत्तम, नाहीतर जवळची बाग. बुधवारी शहराच्या मध्यभागी असाल तर सांक्ट पेडर्स स्ट्रेडवरच्या बेकरीत डोकवा. ती 1652 पासूनची म्हणून सांगतात, आणि बुधवारचा तिचा मोठा दालचिनीचा गुंडाळा प्रसिद्ध आहे. जानेवारी-फेब्रुवारीत गेलात तर फास्टेलाव्हन या सणाचे क्रीमभरले बन दिसतील, वसंतात वेलदोड्याचा वास असलेले साधे चौकोनी हवेडर. हे हवेडर ज्या प्रार्थनादिनाच्या आदल्या संध्याकाळी भाजून खायचे, त्या दिवसाची सार्वजनिक सुट्टी सरकारनं 2024 पासून रद्द केली. लोक चिडले, मोर्चे निघाले, सुट्टी गेली ती गेलीच. हवेडर मात्र बेकरीत येतातच.

आणि नातवंडाच्या वर्गातल्या कुणा मुलाच्या वाढदिवसाचं बोलावणं आलं तर नक्की जा. तिथे बेकरीतून आणलेला कागेमांड असतो, म्हणजे पिठाचा अख्खा माणूस, अंगभर साखर, गोळ्या आणि ज्येष्ठमधाच्या चॉकलेटी-काळ्या दोऱ्यांचे केस. मुलगी असेल तर कागेकोने. वाढदिवसाचं मूल सुरी घेऊन आधी त्याचा गळा कापतं, आणि त्या क्षणी बाकी सगळी मुलं जिवाच्या आकांतानं किंचाळतात. घाबरू नका, अशीच रीत आहे. तुम्हीही किंचाळा.